छपरावरची अँटेना, कॉम्प्युटरमधला टीव्ही

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या पूर्ण क्षमतेच्या टीव्ही केंद्रांनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवलं. मुळात ठरलेली तारीख १७ फेब्रुवारी होती, पण लोकांची तयारी नाही म्हणून काँग्रेसने ती पुढे ढकलली. जुना टीव्ही असणाऱ्यांना सरकारने कन्व्हर्टर बॉक्ससाठी ४० डॉलरची कुपनं दिली, घरटी दोन. कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड बसवून कार्यक्रम साठवणाऱ्यांची पंचाईत वेगळी होती. तोच बॉक्स जुन्या कार्डाला जोडता येई, पण मग चॅनेल बॉक्सवर बदलायचं आणि रेकॉर्डिंग कॉम्प्युटरने करायचं, असा दोघांचा संसार. शिवाय डिजिटल चित्राचं अ‍ॅनालॉग आणि त्याचं पुन्हा डिजिटल करताना त्यातला नेमकेपणा निघून जाई. नवं कार्ड घेणं हाच सरळ मार्ग होता.

नवं कार्ड जास्त काम करत असेल अशी आपली समजूत असते. इथे उलट आहे. जुन्या कार्डावर पत्र्याच्या डबीतला ट्यूनर असे आणि बहुधा ब्रुकट्रीची बीटी८४८ किंवा बीटी८७८ ही चिप. ती अ‍ॅनालॉग चित्राचे आकडे करून कॉम्प्युटरकडे ढकलायची आणि ते आवळून फाइलमध्ये बसवण्याची हमाली प्रोसेसरने करायची. हॉपॉगच्या पीव्हीआर-२५० सारख्या कार्डांनी ती हमाली स्वतःकडे घेतली. डिजिटल प्रक्षेपणात मात्र केंद्राकडूनच चित्र एमपीईजी-२ मध्ये आवळून येतं. कार्डाने लहरींमधून आकडे सोडवायचे आणि जसेच्या तसे पुढे द्यायचे. म्हणजे हार्ड डिस्कवर उतरतं ते केंद्राने पाठवलेलं मूळ चित्र, नक्कल नव्हे. ६ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमधून सेकंदाला १९.३९ मेगाबिट येतात. सगळा प्रवाह साठवला तर तासाला पावणेनऊ जीबीच्या आसपास जागा जाते.

कार्ड बदललं तरी चित्र दिसत नाही, ही तक्रार तेव्हाही होती आणि आजही आहे. दोष बहुतेकदा अँटेनाकडे असतो. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या येत, तरी बातम्या कळत. डिजिटलमध्ये चित्र स्वच्छ दिसतं, थोडं कमी पडलं की चौकोन चौकोन होऊन अडकतं, आणि आणखी कमी पडलं की काहीच नाही. चॅनेलच्या आकड्यावरही विसंबू नये. शिकागोचं डब्ल्यूबीबीएम स्वतःला चॅनेल २ म्हणवतं, पण प्रक्षेपण करतं १२ वर. फिलाडेल्फियाचं डब्ल्यूपीव्हीआय मात्र खरोखर ६ वरच राहिलं. इतक्या खालच्या व्हीएचएफ लहरींना लांब दांड्यांची अँटेना लागते. खिडकीला चिकटवायच्या चपट्या अँटेनावर ‘एचडी’ असं ठळक छापलेलं असतं, पण अँटेनाला एचडी कळत नाही, तिला फक्त लहरीची लांबी कळते. हे छापणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं.

न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात, जिथे आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, न्यूयॉर्कचे मनोरे ईशान्येला आणि फिलाडेल्फियाचे नैर्ऋत्येला. दोन्हीकडचं पाहायचं तर दोन दिशांना दोन अँटेना आणि दोन स्वतंत्र ट्यूनर ठेवणं बरं. एकाच अँटेनाची वायर स्प्लिटरने दोन वाटांना फोडली की प्रत्येक वाटेला अर्ध्याहूनही कमी शक्ती उरते. २०१७ च्या लिलावात ३७ च्या वरची टीव्हीची जागा मोबाइल कंपन्यांकडे गेली. त्यानंतर अनेक केंद्रांनी चॅनेल बदलले, म्हणून आधी घेतलेल्या डिजिटल कार्डावर पुन्हा स्कॅन करणं आलंच. मोबाइलचा मनोरा जवळ असेल तर त्याच्या लहरी अडवणारा फिल्टर अँटेनाच्या वायरमध्ये घालावा.

स्लॉटचं थोडक्यात. नव्या मदरबोर्डवर जुना पीसीआय स्लॉट सहसा नसतो, पीसीआय एक्सप्रेस असतो. त्यात बसणाऱ्या हॉपॉगच्या क्वाडएचडी कार्डावर चार ट्यूनर आहेत. माझं मत विचाराल तर कॅबिनेट उघडूच नये. सिलिकॉनडस्टच्या एचडीहोमरनसारखा डबा अँटेनाच्या वायरजवळ ठेवून घरच्या नेटवर्कला जोडला की घरातला कुठलाही कॉम्प्युटर त्यावरून टीव्ही पाहू शकतो. विंडोज १० मधून मीडिया सेंटर काढून टाकल्यापासून तर कार्ड घेतलं तरी सॉफ्टवेअर वेगळं शोधावंच लागतं. लिनक्सवाल्यांना मिथटीव्ही आहे.

आपल्याकडे कॉलेजच्या पोरांनी बसवलेल्या कार्डांना बहुतेक केबलवाल्याचीच वायर जोडलेली असे. नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि त्या कार्डांचा उपयोग संपला. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, पण ते डीव्हीबी-टी२ पद्धतीचं. अमेरिकेची एटीएससी पद्धत अगदी निराळी, तेव्हा एडिसनच्या भाच्याला येताना तिकडचं कार्ड आणायला सांगू नका.

अमेरिकेत आता पुढच्या अपग्रेडची, एटीएससी ३.० ची, चर्चा आहे. केंद्रीय दळणवळण आयोगाने नोव्हेंबर २०१७ मध्ये तिला ऐच्छिक परवानगी दिली आणि केंद्रांनी जुन्या पद्धतीतही कार्यक्रम दाखवत राहावं अशी अट घातली. इमारतींवर आपटून येणाऱ्या लहरींना ही पद्धत जास्त दाद देत नाही. चित्र एचईव्हीसीमध्ये असल्याने तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण अनेक केंद्रं हे प्रक्षेपण कुलूपबंद करून सोडतात आणि मान्यता नसलेल्या ट्यूनरला ते उघडत नाही. २००३ मध्ये आयोगाने ‘ब्रॉडकास्ट फ्लॅग’ आणून रेकॉर्डिंगवर बंधन घालायचा प्रयत्न केला होता. २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो आयोगाच्या अधिकाराबाहेरचा ठरवून रद्द केला. न्यायालयाने दारातून परत पाठवलेली गोष्ट आता खिडकीतून आत आली आहे.

पहिल्या अपग्रेडमध्ये प्रेक्षकाला मूळ चित्र मिळालं. या दुसऱ्यात त्याची किल्ली केंद्राकडे राहते. म्हणून अमेरिकेत ट्यूनर घ्यायचाच असेल तर आज जुन्या १.० पद्धतीचाच घ्यावा, उरलेले पैसे चांगल्या अँटेनावर घालावेत आणि ३.० चं कुलूप निघेपर्यंत त्या पद्धतीच्या ट्यूनरवर एक डॉलरही खर्च करू नये.