घंटागाडीत टाकलेल्या कचऱ्याचं पुढे काय होतं?

घंटागाडीची घंटा ऐकू आली की अंबड आणि सिडकोतल्या अनेक घरांत एकच धावपळ होते. हाताला लागेल ती पिशवी घेऊन खाली पळायचं. पिशवीत रात्रीचा उरलेला भात, दुधाची रिकामी पिशवी, भाजीची देठं आणि रिमोटमधून काढलेला सेल, सगळं एकत्र. गाडी पुढे गेली की विषय संपला.

पण ही पिशवी फार लांब जात नाही. नाशिक महापालिकेचा खत प्रकल्प पाथर्डी शिवारात आहे, म्हणजे अंबडच्या शेजारीच.

आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. त्याला हवा मिळाली तर काही आठवड्यांत त्याचं खत होतं. तोच कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ढिगाखाली दाबला की हवेविना सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो पेट घेतो. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तेव्हा धुरामुळे परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत मुरतं, ते वेगळंच.

मग खत करताना प्लास्टिक, काच बाजूला काढता येत नाही का? चाळण्या असतात, पण काचेचा बारीक चुरा खतात राहतोच. सेलमधले जड धातू तर चाळणीत अडकतही नाहीत. खतात शिसं, कॅडमियम किती चालेल याला कायद्याने मर्यादा आहे, आणि काचा असलेलं खत कुठला शेतकरी हाताने पसरेल? कोरड्या कचऱ्याचंही तेच. खरकटं लागलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. ओला झालेला कचरा इंधन म्हणूनही नीट जळत नाही.

नाशिकमध्येच विल्होळीजवळ जर्मनीच्या सहकार्याने हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र करून वीज तयार करण्याचा प्रकल्प उभारण्यात आला. अशा प्रकल्पाला लागतो तो निवडलेला ओला कचरा. प्लास्टिक आत गेलं तर यंत्रणा तुंबते.

‘आम्ही वेगळा देतो, पण गाडीत सगळं एकत्रच होतं,’ ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती गैर नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरात ओला, कोरडा आणि घातक असे तीन भाग करणं बंधनकारक केलं, तसंच वेगळा दिलेला कचरा वेगळाच नेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. गाडीत कप्पे नसतील किंवा कचरा एकत्र होत असेल, तर गाडीचा क्रमांक आणि फोटो घेऊन महापालिकेकडे तक्रार करता येते. मात्र घरातूनच एकत्र आलेली पिशवी गाडीवर कोणी सोडवत बसत नाही. ती फोडावी लागते ती पुढे, बहुतेक वेळा कोणाच्या तरी हाताने. त्या हाताला इंजेक्शनची सुई लागू शकते.

अंबडमध्ये एक वेगळा प्रश्नही आहे. एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमधल्या तेलकट चिंध्या, रंगाचे डबे कधीकधी घरच्या कचऱ्याबरोबर दिले जातात. हा औद्योगिक घातक कचरा आहे. तो प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवानगी दिलेल्या केंद्राकडेच जायला हवा.

गोंधळ होतो तो मोजक्याच वस्तूंचा. नारळाची करवंटी ओल्यात धरली तरी कुजायला फार वेळ घेते, म्हणून ती वेगळी ठेवलेली बरी. दुधाची पिशवी विसळून कोरड्यात टाकावी. कापताना तिचा कोपरा तोडून वेगळा करू नये, तो बारीक तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर खूण करावी. सेल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं एका डब्यात साठवून महिन्यातून एकदा वेगळी दिली तरी चालतात.