प्रार्थनामंदिराची जागा : हक्क आणि औचित्य

उपासनेचें स्वातंत्र्य म्हणजे केवळ मनांतल्या मनांत नामस्मरण करण्याची मोकळीक नव्हे. चार समानधर्मी माणसांना एकत्र बसण्यास छप्पर लागतें, आणि छपरास जागा लागते. जागा म्हटली कीं शेजारी आले, आणि शेजाऱ्यांच्या भावनाहि आल्या. हक्क आणि भावना यांत तंटा पडल्यास निवाडा कसा करावा, हा प्रश्न न्यूयॉर्क शहरांत २०१० सालीं फार तीव्रतेनें उपस्थित झाला.

११ सप्टेंबर २००१ रोजीं अतिरेक्यांनीं वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे विमानें आदळवून पाडले. तेथें पावणेतीन हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्यांत मुसलमानहि होते. त्या जागेपासून दोन गल्ल्यांच्या अंतरावर, पार्क प्लेस या रस्त्यावर, इस्लामी सांस्कृतिक केंद्र बांधण्याची योजना पुढें आली. त्यांत सभागृह, पोहण्याचा तलाव व नमाजाची जागा असावयाची होती. मृतांच्या कित्येक आप्तांना हें जखमेवर मीठ चोळल्यासारखें वाटलें; कांहींनीं मात्र योजनेस पाठिंबा दिला.

महापौर ब्लूमबर्ग यांनीं खासगी जागेंत प्रार्थनेस मनाई करण्याचा अधिकार सरकारास नाहीं, असें निक्षून सांगितलें. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं १३ ऑगस्ट रोजीं हक्काचें समर्थन केलें. दुसऱ्या दिवशीं, तेथें बांधणें शहाणपणाचें कीं नाहीं याविषयीं आपण बोललों नाहीं व बोलणारहि नाहीं, असा खुलासा केला. पुष्कळांनीं यास माघार म्हटलें. वस्तुतः हे दोन प्रश्न निराळेच आहेत. हक्क आहे काय, याचें उत्तर कायदा देतो. तो तेथेंच बजावावा काय, हें हक्कदारानें ठरवावयाचें असतें.

हक्कदारानें भावनेस मान दिल्याचें उदाहरण पोलंडांत आढळतें. ऑश्विट्झच्या छळछावणींत नाझींनीं सुमारे अकरा लाख माणसें मारलीं. त्यांपैकीं सुमारे दहा लाख यहुदी होते. छावणीलगतच्या एका इमारतींत १९८४ सालीं कॅथॉलिक संन्यासिनींनीं मठ स्थापिला. हेतु मृतांसाठीं प्रार्थना करण्याचा. परंतु आपल्या स्मशानावर परधर्माची मुद्रा उमटत आहे, असें यहुद्यांना वाटलें. १९८७ सालीं मठ हलविण्याचा करार होऊनहि तो रेंगाळला. अखेर १९९३ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं संन्यासिनींना पत्र लिहिलें, आणि त्या अन्यत्र गेल्या. तिढा सुटला तो धर्मगुरूच्या शब्दानें.

मात्र प्रत्येक विरोध अशा दुःखांतूनच उद्भवतो असें नाहीं. जागेविषयींचें दुःख अंतर वाढतां ओसरावयास हवें. पण त्याच २०१० सालीं, न्यूयॉर्कपासून शेंकडों मैल दूर, टेनेसी संस्थानांतील मर्फ्रीस्बरो येथें मशिदीच्या बांधकामास विरोध होऊन तेथील यंत्रसामुग्रीस आग लावण्यांत आली. तेथें कोणाचें स्मशान होतें? आक्षेप जागेस नसून धर्मासच होता. उपासनास्थळांच्या रक्षणार्थ २००० सालीं झालेल्या कायद्याच्या आधारें २०१२ सालीं केंद्रीय न्यायालयानें मार्ग मोकळा केला, आणि ती मशीद उघडली.

पार्क प्लेसवरील केंद्र योजिल्याप्रमाणें उभें राहिलें नाहीं. सरकारनें मात्र तें अडविलें नव्हतें. शेजाऱ्यानें विनंति करावी, उपासकानें ती ऐकून विचार करावा; पण विनंतीचा हुकूम करण्यासाठीं राजसत्तेचा दंड उसना मागूं नये. आज दुसऱ्याचें छप्पर भावनेच्या नांवाखालीं उतरविलें, तर उद्यां आपलें कोणत्या नियमानें राखावयाचें?