भुंगेऱ्याच्या पाठीवरचे कोळी

मोहोपाड्याच्या बाजारात ‘कोळी’ म्हटलं की डोळ्यांसमोर मासळीची पाटी येते. घराच्या कोपऱ्यात जाळं विणतो तोही कोळीच. शेतकऱ्यांच्या ओळखीचा तिसरा कोळी मात्र भिंगाशिवाय दिसत नाही. सहसा आठ पायांचा, म्हणून कीटक नव्हे, गोचिडीचा भाऊबंद.

नारळावरच्या अशाच सूक्ष्म कोळ्याला मेक्सिकोतल्या नमुन्यांवरून १९६५ मध्ये नाव मिळालं. १९९८ मध्ये तो केरळात आढळला तेव्हा नाव तयार होतं, त्यामुळे ओळख पटली. बिननावाचा पाहुणा आला असता तर?

असे बिननावाचे पाहुणे झाडांच्या सालीखाली भरपूर. वठलेल्या आंब्याची साल सोलावी, आत सालभुंगेऱ्यांनी कोरलेले बोगदे दिसतात. आंब्यावरच्या एका सालभुंगेऱ्याचं नामकरण ई. पी. स्टेबिंग यांनी १९१४ मध्ये केलं: क्रिफॅलस मँजिफेरी. पुढे तो हायपोक्रिफॅलस झाला, २०२० मध्ये पुन्हा क्रिफॅलस. सातबाऱ्यावरचे फेरफार परवडले! ओमान, पाकिस्तान, ब्राझीलमध्ये आंबा वाळवणाऱ्या बुरशीशी त्याचा संबंध जोडला गेला, म्हणून त्याची एवढी विचारपूस. त्याच्या अंगावर बसून येणाऱ्यांना कोण विचारतो?

ती विचारपूस नेटाने केली अमेरिकेतल्या जॉन मोझर यांनी, लुइझियानाच्या पाइनवनात. दक्षिणी पाइन भुंगेऱ्यासोबत कोळ्यांच्या नव्वदहून अधिक जाती आढळल्या आहेत. कोळ्याला पंख नाहीत. नवं झाड गाठायचं तर भुंगेऱ्याला धरून बसण्यावाचून गत नाही. कुणी त्याच्या पंखांखाली दडतो, कुणी पार्श्वभागातून चिकट देठ काढून स्वतःला डकवून घेतो. टार्सोनेमस वंशातले काही कोळी तर कातडीच्या घडीत लाकूड निळं पाडणाऱ्या बुरशीचे बीजाणू घेऊन निघतात. बियाण्याची पुरचुंडीच म्हणा. नव्या झाडात ही बुरशी फोफावते, कोळ्यांचा वंश तिच्यावर पोसला जातो. भुंगेऱ्याच्या अळ्यांना मात्र दुसरीच बुरशी मानवते. निळ्या पडलेल्या पट्ट्यात त्या खुरटतात, मरतात. ज्याच्या गाडीतून आलो त्याचंच घर बुडवणारा हा प्रवासी, तोही त्याला न चावता. इपोनेमस वंशातले कोळी एवढा आडमार्ग घेत नाहीत, थेट भुंगेऱ्याची अंडी शोषतात. त्यांचा मोठा आढावा कॅनडातल्या इव्हर्ट लिंडक्विस्ट यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला.

नवी जात ‘सापडणं’ हे त्यातलं सोपं काम. पुढे कोळी लॅक्टिक आम्लात पारदर्शक करायचा, काचपट्टीवर बसवायचा आणि अंगावरचे केस मोजायचे: कुठे, किती, केवढे. मोझर आणि क्रॉस यांनी १९७५ मध्ये आणखी एक पेच दाखवला. काही जातींत प्रवासाला निघणारी मादी आणि घरी राहणारी मादी वेगवेगळ्या दिसतात. पहिलीचे पुढचे पाय जाड, धरायला पक्के. नुसत्या रूपावर भिस्त ठेवली तर एकाच जातीची दोन नावं पडायची. आता डीएनएची साक्ष काढता येते, पण केस मोजणं सुटत नाही.

आपल्याकडे सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेरा चांगलाच ठाऊक आहे. त्याच्यावर फवारणी कशाची करायची हे कुणीही सांगेल. मोहोपाड्याकडे सरपणाच्या ढिगाखाली पिठासारखा भुसा सांडलेला दिसला की लोक म्हणतात, ‘भुंगा लागला’, आणि ओंडका चुलीत जातो. तो जाण्याआधी एक भुंगेरा स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा, पंख उचलून भिंगाखाली बघायचं. मी सुईने पंख उचलायला गेलो, पहिले दोन भुंगेरे चिरडले. तिसऱ्याच्या पंखाखाली काचेच्या कणासारखं काहीतरी चिकटलेलं होतं.