आबांचं दप्तर कुठं गेलं?

दोस्तांनो, दप्तर हरवल्याची भीती तुम्हांला ठाऊकच असेल. शाळा सुटते, आपण हात हलवत घरी येतो आणि दारातच पोटात धस्स होतं. पण दप्तर कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नाहीसं झालं तर? आणि तेही आपलं नव्हे, आजोबांचं?

दिवाळीच्या सुट्टीत मी जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीला ताईकडे गेलो होतो. ओसरीवर पिशवी टेकवतो न टेकवतो तोच चौथीतला भाचा दाराआड लपला आणि आठवीतली भाची रडवेली होऊन म्हणाली, "मामा, यानं आबांचं समदं घालवलं!"

आबा म्हणजे ताईचे सासरे. प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि दोन बोटांनी टकटक करत १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी लिहायला बसले. उन्हात खडी फोडणारी माणसं, मुलांना वाटली जाणारी सुकडी, परदेशातून आलेली ती लालसर मिलो ज्वारी. रोज थोडं थोडं लिहायचे. वीज गेली की हात जोडून गप्प बसायचे. आबा आता नाहीत. त्यांचं लिहिणं मात्र त्या जुन्या यंत्रात होतं आणि एकदाही कागदावर छापलेलं नव्हतं.

झालं होतं असं. पडद्यावर 'माय डॉक्युमेंट्स' नावाचं पिवळं फोल्डर दिसायचं. आबा त्याला 'माझं दप्तर' म्हणत. भाच्यानं खेळता खेळता त्यावर क्लिक केलं आणि डिलीटचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी सूचना आली. ती कोण वाचतो? 'यस' म्हटलं आणि दप्तर गायब! भाचीनं धावत जाऊन रिसायकल बिन, म्हणजे कॉम्प्युटरची कचरापेटी, उघडून पाहिली. तीही रिकामी. मग तर दोघांचं धाबंच दणाणलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "जुनं मशीन आहे. आणून द्या, फॉरमॅट मारून देतो."

हे ऐकलं आणि माझ्याच छातीत धडधडलं. फॉरमॅट मारणं म्हणजे पाटी पुसून कोरी करणं. तिच्यावर पुन्हा नवं लिहिलं की जुनं जवळजवळ कायमचं गेलं. मी म्हटलं, "आधी चहा. तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही."

खरी गंमत सांगू? आबांचं दप्तर कुठंही गेलेलं नव्हतं. गेली होती ती फक्त पाटी! घरावर नावाची पाटी असते ना? ती कुणी काढून नेली म्हणून घरातली माणसं नाहीशी होत नाहीत. पडद्यावरचं ते चित्र, ज्याला आयकॉन म्हणतात, ती नुसती पाटी. खरी कागदपत्रं आत, हार्ड डिस्कवर. म्हणून तर कचरापेटीत काही सापडलं नाही. आणि भाच्यानं न वाचलेल्या सूचनेत हेच लिहिलेलं होतं, की हे चिन्ह फक्त पडद्यावरून निघेल आणि ते परत कुठून आणायचं.

ही चित्रांची युक्ती तशी जुनी आहे. १९८१ साली अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीनं 'स्टार' नावाचा कॉम्प्युटर विकायला काढला. त्याच्या पडद्यावर कचेरीतलं टेबल मांडलेलं होतं: कागद, फोल्डर, टपालाचा ट्रे. कचेरीतल्या माणसांना ओळखीचं वाटावं म्हणून. तेव्हापासून पडदा म्हणजे टेबल, डेस्कटॉप, ही कल्पना रुळली. आबांनी मात्र फोल्डरला दप्तर म्हटलं, ते मला जास्त आवडलं. पुण्यात पेशवे दप्तर आहे, तिथले मोडीतले जुने कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात. ते दप्तर आणि तुमच्या पाठीवरचं दप्तर, शब्द एकच!

तर चहा झाला. आबांच्या यंत्रात विंडोज एक्सपी होतं, २००१ साली आलेलं. आधी खात्री करायची म्हणून भाचीला 'माय कॉम्प्युटर' उघडायला लावलं. तिथंच आबांच्या नावाचं डॉक्युमेंट्सचं फोल्डर दिसलं. त्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलेली 'दुष्काळ' नावाची फाइल. ताईनं पदर डोळ्यांना लावला.

पाटी परत लावायचं काम मी भाच्याकडूनच करून घेतलं. ज्यानं काढली त्यानंच लावावी! पडद्यावर मोकळ्या जागी माऊसचं उजवं बटण दाबायचं. यादी येते, तिच्यात सगळ्यांत खाली 'प्रॉपर्टीज'. ते उघडलं की वर 'डेस्कटॉप' असं लिहिलेला कप्पा. त्यात खाली 'कस्टमाइझ डेस्कटॉप' हे बटण. ते दाबलं की 'माय डॉक्युमेंट्स'च्या शेजारी एक रिकामा चौकोन दिसतो. त्यात बरोबरची खूण करायची आणि ओके म्हणायचं. इथंच बरेच जण फसतात बरं का! ओके दोनदा म्हणावं लागतं, एकदा या खिडकीला आणि एकदा तिच्या मागच्या खिडकीला. भाच्यानंही पहिल्यांदा मागची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली आणि "काहीच झालं नाही!" म्हणून ओरडला. दुसऱ्या खेपेला पिवळं दप्तर टुणकन हजर.

तुमच्याकडे विंडोज ७ असेल तर उजवं बटण दाबून 'पर्सनलाइझ' आणि मग 'चेंज डेस्कटॉप आयकॉन्स'. तिथं 'युजर्स फाइल्स' असं नाव सापडेल. आणि पाटी आली पण आत काहीच नाही, असं झालं तर घाबरू नका. सुरुवातीला आपण दुसऱ्याच कुणाच्या नावावर क्लिक करून आत शिरलो नाही ना, ते पाहा. एक्सपीत प्रत्येकाचं दप्तर वेगळं असतं.

आता खरं जोखमीचं काम उरलं होतं. इतकी वर्षं चाललेली हार्ड डिस्क उद्या बंद पडली तर? आणि एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ लाच थांबवली, त्यामुळे असलं यंत्र इंटरनेटला जोडू नये. आम्ही फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि ताईच्या लॅपटॉपवर उघडली. आणि काय! मराठीचा पत्ताच नाही. नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा, मुंग्यांनी रांग मोडल्यासारख्या.

भाचीचा चेहरा पुन्हा पडला. पण हाही पाटीसारखाच घोळ होता. आबांच्या काळात मराठी लिहायला अनेक जण खास फॉन्ट वापरत. आत इंग्रजी अक्षरांचे आकडे असत आणि फॉन्ट त्यांना मराठीचा सदरा घालत असे. सदरा नसला की उघडं पडलं! आजचं युनिकोड तसं नाही, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. मग पुन्हा जुन्या यंत्राकडे. कंट्रोल पॅनेलमधल्या 'फॉन्ट्स'मधून आबांचा फॉन्ट उचलला, लॅपटॉपमध्ये टाकला, आणि मुंग्या पुन्हा रांगेत आल्या.

घनसावंगी तालुक्यातच जांब हे गाव आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिला समास लिखाणावरच आहे. अक्षर कसं काढावं इथपासून पोथी बासनात बांधून, पेटीत कुलपात कशी जपावी इथपर्यंत. भाचीला हे सांगितलं, तर तिनं लगेच एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली, एक लॅपटॉपवर, आणि तिसरी दुसऱ्या दिवशी दुकानातून छापून आणली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर तिनं आबांचं पहिलं पान मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या पानावर मिलोच्या भाकरीची गोष्ट आली तेव्हा दाराआडून भाच्यानं विचारलं, "मामा, ती भाकर खरंच लाल दिसायची का?"

ताई म्हणाली, "तू वाच पुढं. आबांनी लिहिलं असंल."