भाषांतर झाले, पण यादीत नाव कुठे आहे?

कापडाच्या धंद्यात असलेल्या आमच्या वाचकांना एक अनुभव नक्कीच असेल. गोदामात तागा पडून असतो, पण स्टॉक बुकात त्याची नोंद नसते. गिऱ्हाईक मागते आणि दुकानातला पोरगा "माल संपला" म्हणून मोकळा होतो. माल असूनही विक्री होत नाही. संगणकाच्या भाषेतही नेमके असेच घडते, हे आम्हाला अलीकडेच कळले.

नवी मुंबईतील आमच्या दुकानात बिलासाठी संगणकावरील प्रोग्राम घेतला. आमचे मुंशीजी आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. हिशेबात एका पैशाची चूक नाही, पण वाचन सारे उर्दूत. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, मराठी बाजाराने शिकवली, इंग्रजी मात्र कामापुरतीच. "पडदा इंग्रजीच राहिला तर माझी गादी उद्या कोणी पोऱ्या घेईल," असे मुंशीजी एकदा बोलून गेले. ते आमच्या मनाला लागले.

आमचा भाचा संगणकाचे शिक्षण घेतो. त्याने मुंशीजींना शेजारी बसवून प्रोग्राममधील सर्व शब्द उर्दूत आणि मराठीत उतरवले. या कामात एक मौज दिसली. जमा, खर्च, बाकी, रक्कम, तारीख, वसूल, हिशेब हे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ तेच. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठी बाजाराने शतकानुशतके वापरले आहेत. फरक उरला तो मुख्यतः लिपीचा.

भाषांतर पाठवले, नवा प्रोग्राम आला. मराठी दिसली, उर्दू नाही! विक्रेत्याला विचारले तर "उर्दू चालत नाही" असे उत्तर मिळाले. मुंशीजी गप्प बसले. चार दिवसांनी भाच्याने दोष शोधला. उर्दूची फाईल जागेवर होती. भाषांच्या यादीत मात्र तिचे नाव लिहायचे राहिले होते.

यादीचे काम कसे चालते?

जगातील असंख्य मुक्त प्रोग्राम भाषांतरासाठी 'गेटटेक्स्ट' नावाचे साधन वापरतात. त्याची ग्नू आवृत्ती 1995 पासून प्रचारात आहे. प्रत्येक भाषेची एक फाईल असते. तिच्यात मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली आपले वाक्य. फाईलला भाषेचे आंतरराष्ट्रीय चिन्ह देतात. मराठीस 'एमआर', उर्दूस 'यूआर', कोकणीस 'केओके'. याच फाईलींच्या शेजारी 'लिंग्वास' नावाची एक साधी फाईल असते. तिच्यात फक्त ही चिन्हे लिहिलेली असतात. प्रोग्राम तयार होताना ही यादी वाचली जाते. जे चिन्ह यादीत नाही, त्याची फाईल तशीच पडून राहते आणि कुठलीही तक्रार पडद्यावर येत नाही.

दुसरे एक साधन प्रत्येक भाषेचा हिशेब तीन आकड्यांत सांगते. पूर्ण झालेली वाक्ये, शंकास्पद वाक्ये आणि कोरी वाक्ये. शंकास्पद व कोऱ्या वाक्यांच्या जागी सहसा मूळ इंग्रजीच दिसते. तेव्हा "आमच्या प्रोग्राममध्ये वीस भाषा आहेत" एवढ्या जाहिरातीवर विसंबू नये. कोणती भाषा किती भरली आहे, हे विचारावे.

भाच्याने चूक दुरुस्त केली आणि अर्ध्या पानाची माहितीही लिहून ठेवली. यादी कुठे असते, नवी भाषा कशी जोडावी, आकडे कसे पाहावेत आणि भाषांतर कोणी केले. आम्हाला हे काम दुरुस्तीपेक्षा मोठे वाटते. दुकानात एकाच माणसाला ठाऊक असलेली गोष्ट तो गेला की बुडते. कागदावर असेल तर पुढचा माणूस तीच चूक करत नाही.

आपल्या शहरातच पाया

हे काम नवी मुंबईला नवे नाही. 1985 साली सुरू झालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले. त्याचे कार्यालय खारघर स्थानकासमोर आहे. लिनक्सवर भारतीय लिप्या उमटाव्यात म्हणून याच केंद्राने 'इंडिक्स' हा प्रकल्प हाती घेतला होता. पुढे 'जनभारती' प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअर भारतीय भाषांत आणण्याचे काम झाले. दुहेरी नोंद पद्धतीचा 'ग्नूकॅश' हा मोफत हिशेबाचा प्रोग्राम 1998 पासून आहे. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी, उर्दू आणि कोकणीही आहेत.

व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे की, प्रोग्राम घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. आपली भाषा यादीत आहे का? किती वाक्ये पूर्ण आहेत? उर्दू असेल तर पडद्याची मांडणी उजवीकडून सुरू होते का? आणि छापील बिलावर अक्षरे व आकडे जागेवर येतात का? शक्य असल्यास पैसे देण्याआधी एक बिल छापून बघावे.

ज्यांची मुले संगणक शिकतात त्यांनी त्यांना जुन्या मुनीम-मुंशींच्या शेजारी बसवावे. बाजाराचे अचूक शब्द त्यांच्याकडे आहेत, यादीत नाव लिहिण्याची युक्ती मुलांकडे आहे.

आमचे मुंशीजी आता स्वतः बिल काढतात. पहिले उर्दू बिल त्यांनी घडी घालून खिशात ठेवले. गिऱ्हाइकासाठी आम्हाला दुसरे छापावे लागले.