आई, तुला कोणतं नाटक बघायचंय?

मुंबईला जायचं ठरलं की आमच्या घरी दोन याद्या होतात. एक खरेदीची, दुसरी नाटकांची. पहिलीवरून भांडण होत नाही. ती बायको करते आणि मी पिशव्या उचलतो. दुसरीवरून मात्र दर वेळी खडाजंगी. आमचं सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वर्षाकाठी एखादं नाटक येतं, तेही निम्मा सेट ट्रकमध्येच ठेवून. त्यामुळे मुंबईत दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या मिळाल्या की दुष्काळातून आलेल्या माणसासारखी आमची गत होते. काय काय पानात वाढून घेऊ, असं होऊन जातं.

नाटकं कशी निवडायची हे शिकायला आम्हाला दोन सहली खर्ची घालाव्या लागल्या. लंडनला अ‍ॅगाथा ख्रिस्तीचं ‘माउसट्रॅप’ १९७४ पासून, कोविडचा खंड सोडला तर, सेंट मार्टिन्स या एकाच थिएटरात चालू आहे. तिथे प्रेक्षकाने नाटकाकडे जायचं. आपल्याकडे नाटकच प्रेक्षकाच्या दारी जातं. आज दादरचं शिवाजी मंदिर, उद्या पार्ल्याचं दीनानाथ, परवा ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि रविवारी थेट पुण्याचं बालगंधर्व! म्हणजे नुसतं नाटकाचं नाव ठरवून भागत नाही. आपण ज्या दिवशी जिथे आहोत, तिथे ते हवं.

हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी एका नटाच्या नावावर भाळून बोरिवलीच्या प्रयोगाची तिकिटं काढली होती. मुक्काम दादरला, वेळ ऑफिस सुटण्याची. लोकलमध्ये चेंगरत पोहोचलो तोवर तिसरी घंटा कधीच होऊन गेलेली. अंधारात बाल्कनीच्या पायऱ्या चढताना आईचे गुडघे कुरकुरले आणि दुसऱ्या अंकात ती शांतपणे झोपली. सगळे हसत होते. मी मात्र तिकिटाच्या पैशांचा हिशेब करत होतो.

तेव्हापासून घरात नियम झाले. आधी मुक्काम, मग नाट्यगृह, मग नाटक. दिवसाला एकच प्रयोग. आईला पुढून पाचव्या-सहाव्या रांगेच्या आत, कडेची खुर्ची. कारण तिला हल्ली कमी ऐकू येतं आणि मधल्या जागेवरून उठता येत नाही. जुहूच्या पृथ्वीला जायचं असेल तर तासभर आधी निघायचं. १९७८ साली उघडलेलं ते छोटेखानी थिएटर, जेमतेम दोनशे खुर्च्या, तीन बाजूंना प्रेक्षक. नाटक सुरू झालं की दार बंद. तिथे ‘ट्रॅफिक होता हो’ ही सबब चालत नाही.

एवढं शहाणपण गाठीशी बांधून २०१७ साली आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. दादरला मावसभावाकडे उतरलो. रात्री चहा घेत बैठक बसली. मोकळ्या संध्याकाळी दोनच. मावसभावाने वर्तमानपत्राचं नाटकांच्या जाहिरातींचं पान मधोमध पसरलं आणि प्रत्येकाचं बोट वेगवेगळ्या चौकटीवर पडलं. बायकोला विनोदी नाटक हवं होतं. “वर्षभर मी काय कमी गंभीर असते?” हा तिचा मुद्दा. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला पृथ्वी. मी ‘सौभद्र’चा झेंडा खांद्यावर घेतला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेलं ते संगीत नाटक अजून उभं राहतं, हेच केवढं! शिवाय आईचं सारं लहानपण नाट्यपदांत गेलेलं. “आईसाठी सौभद्रच,” मी निकाल देऊन टाकला.

आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिने हात पुसले, चष्म्याची डबी उघडली आणि घडी केलेलं एक कात्रण माझ्यापुढे ठेवलं. ‘मुघल-ए-आझम’. सिनेमा नव्हे, फिरोज अब्बास खान यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये एनसीपीएला रंगमंचावर आणलेलं भव्य संगीत नाटक.

“सौभद्र मला पाठ आहे रे. अण्णा पेटीवर असायचे, तालमी आमच्याच वाड्यात व्हायच्या,” ती म्हणाली. “साठ साली हा सिनेमा निघाला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. दादा सोलापूरला जाऊन बघून आला. मी मागितलं तर अण्णा म्हणाले, मुलींनी असलं बघायचं नसतं. पुढे टीव्हीवर लागला तेव्हा तुझी दहावी. नंतर एकदा बसले, तर अर्ध्यात लाइट गेली.”

कुणीच बोललं नाही. तिला काय आवडतं ते मी इतकी वर्षं परस्पर ठरवत आलो होतो. विचारलं कधीच नव्हतं.

तिकिटांचे दर ऐकून पोटात गोळा आला, हे खरंच सांगतो. चौघांना परवडणं शक्य नव्हतं. मग यादी सरळ फाडली. त्या संध्याकाळी बायको आणि मुलगा पृथ्वीला गेले, आई आणि मी नरिमन पॉइंटला. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून दादरलाच विनोदी नाटकाला.

जमशेद भाभा थिएटर अकराशे खुर्च्यांचं. आई दारातच क्षणभर थबकली. कलाकार तिथे प्रत्यक्ष गातात. त्या रात्री अनारकली होती प्रियांका बर्वे, भावगीत गायिका मालती पांडे यांची नात. हे मी आईच्या कानात सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तरीच! रेडिओवरची ओळख वाटत होती.” उर्दू संवाद तिला निम्मे ऐकू आले नसतील, आलेल्यातले निम्मे कळले नसतील. पण शीशमहालात कथ्थकच्या गिरक्या सुरू झाल्या आणि ती खुर्चीच्या कडेवर आली, ती तिथेच राहिली. मध्यंतरात “चहा घेऊ” म्हटलं तर उठेना. “जागा गेली तर?” तिकिटावर नंबर असतो, हे मी तिला सांगितलं नाही.

परतताना टॅक्सी मरीन ड्राइव्हवरून चालली होती. बराच वेळ ती समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, “अण्णांना सांगायला हवं होतं. त्यात वाईट काहीच नाही.”

सत्तावन्न वर्षांनी अपिलाचा निकाल लागला होता.

मुंबईला जाणारे आप्तेष्ट अजूनही मला विचारतात, कोणतं नाटक बघू? मी माझे नियम सांगतो : मुक्काम, रांग, वेळ. पण आता त्यांच्या आधी एक नियम आला आहे. यादी करताना जो माणूस काहीच बोलत नाही, त्याला पहिलं विचारा.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. गुडघे प्रवासाला नाही म्हणतात. तरी रविवारी नाटकांच्या जाहिरातींचं पान आधी तिच्याकडे जातं. माझ्या हाती येतं तेव्हा दोन चौकटींभोवती पेन्सिलीची खूण असते. “ही दोन बघून या,” ती सांगते, “आणि आलात की मला सगळं सांगा. पहिल्या अंकापासून.”