जुन्या बॅन्जोंचा स्नेही

बॅन्जो म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे मिरवणुकीतील, टंकयंत्रासारख्या कळा असलेली तारांची लांबट पेटी उभी राहते. ते वाद्य जपानी ताइशोगोतोच्या कुळातले; येथे त्याचा विचार नाही. अमेरिकेत ज्याच्या जुन्या नगांवर काही माणसे जीव जडवून बसलेली असतात, तो बॅन्जो निराळा. डफासारखे एक कडे, त्यावर ताणून बसविलेले कातडे, लांब दांडी आणि पाच तारा, असे त्याचे रूप. पाचवी तार आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या शेंड्याला नसून मध्येच बाजूला खोवलेली असते, आणि अंगठा तिला सारखा छेडीत राहतो. सतारीत चिकारी जे काम करते, त्याच जातीचे हे काम होय.

या बॅन्जोच्या चाहत्यांत ज्यांची आठवण आजही घरच्या माणसासारखी निघते, ते माइक सीगर. व्हर्जिनियातील लेक्सिंग्टन येथे ७ ऑगस्ट २००९ रोजी त्यांचे निधन झाले. शहात्तराव्या वाढदिवसाला तेव्हा आठच दिवस उरले होते.

त्यांची थोरवी कळण्यास जुन्या बॅन्जोचा संसार थोडा समजून घेतला पाहिजे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी भोपळ्यावर कातडे मढवून हे वाद्य अमेरिका खंडात घडविले. १८४०च्या सुमारास गोरे नट तोंडाला काळे फासून ते रंगभूमीवर मिरवू लागले. पुढे भोपळा जाऊन लाकडाचे कडे आले, दांडीवर पडदे बसले, तातीच्या जागी पोलादी तार आली. फिलाडेल्फियाचे स्ट्युअर्ट, बॉस्टनचे फेअरबँक्स व व्हेगा, कॅलमझूचे गिब्सन अशा कारखान्यांतून शिंपल्याच्या नक्षीचे बॅन्जो बाहेर पडू लागले. आज जे जपले जातात ते बहुधा या कारखान्यांचे नग. संग्राहक त्यांवरील क्रमांक तपासतो, लाकूड पारखतो, नक्षी न्याहाळतो. परंतु ज्या हातांनी ते वाद्य बोलके केले ते हात गेले, तर उरते ती केवळ एक सुबक वस्तू. बहुतेकांच्या हे ध्यानात येत नाही. सीगर यांच्या आले होते.

त्यांचा जन्म १९३३ साली न्यूयॉर्क येथे झाला. वडील चार्ल्स सीगर संगीतशास्त्रज्ञ, आई रूथ क्रॉफर्ड सीगर संगीतरचनाकार, आणि प्रसिद्ध गायक पीट सीगर हे सावत्र बंधू. खेडोपाडी जाऊन मुद्रित केलेल्या लोकगीतांच्या तबकड्या घरात असत. आई त्यांवरून स्वरलेखन करी. अशा घरातील मुलाने विद्यापीठाची वाट धरली असती तर कोणास नवल वाटले नसते. तथापि सुमारे अठराव्या वर्षी त्यांनी तंतुवाद्ये हाती घेतली आणि ज्यांच्यापासून ते संगीत निघाले त्यांच्याच दारी ते जाऊ लागले. सीगरांच्या घरी काम करणाऱ्या एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णी बाईंनी बालपणी भावाच्या बॅन्जोवर हात बसविला होता. त्या डावखुऱ्या असल्याने वाद्य उलटे धरीत, पण तारांचा क्रम बदलीत नसत. सीगर यांनी त्यांचे वादन त्यांच्या घरीच मुद्रित केले, आणि १९५८ साली त्याची तबकडी निघाली.

सर्वांत हृद्य कथा मात्र डॉक बॉग्ज यांची. व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणीतील हा मजूर. इतर डोंगरी वादक बहुधा नखाने तारांवर वरून खाली आघात करीत; बॉग्ज अंगठा व दोन बोटांनी एकेक स्वर सुटा काढीत, आणि गळ्यातील चाल जशीच्या तशी तारेवर उतरवीत. ही धाटणी त्यांनी कृष्णवर्णी वादकांचे ऐकून उचलली होती. १९२७ साली न्यूयॉर्कला त्यांची आठ गीते मुद्रित झाली, १९२९ साली आणखी चार. नंतर मंदी आली, खाण उरली आणि बॅन्जो पंचवीसएक वर्षे हातावेगळा झाला. जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांना तो माणूस हयात आहे की नाही याचाही पत्ता नव्हता. सीगर यांनी १९६३ साली त्यांना नॉर्टन गावी शोधून काढले. निवृत्त झालेल्या बॉग्जनी नुकताच बॅन्जो पुन्हा हाती घेतला होता. त्याच उन्हाळ्यात ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो श्रोत्यांपुढे बसले. सीगर यांनी त्यांचे केवळ वादन मुद्रित केले नाही. खाणीच्या, दारूच्या, घरच्यांच्या नापसंतीच्या गोष्टीही त्यांना मोकळेपणी बोलू दिल्या. पाहुण्याजवळ असे कोणी बोलत नाही. त्याला स्नेहच लागतो. बॉग्ज १९७१ साली, ७ फेब्रुवारीला, आपल्या वाढदिवशीच वारले.

सीगर यांना केवळ जुन्याचाच ध्यास होता, असे मात्र नव्हे. तीन बोटांत नख्या घालून वेगाने वाजविण्याची अर्ल स्क्रग्ज यांची पद्धत १९४५ नंतर सर्वत्र गाजली. या पद्धतीच्या वादकांना, आणि स्नफी जेंकिन्स यांच्यासारख्या पूर्वसूरींनाही, एकत्र आणणारी तबकडी सीगर यांनीच १९५७ साली सिद्ध केली. नव्याची मुळे जुन्यात कोठवर जातात, हे तीतून कानांनाच कळते.

१९९८ साली त्यांनी स्वतः सव्वीस रचना वाजविल्या, त्या तेवीस जुन्या बॅन्जोंवर. एखाद्याने हे संग्रहाचे प्रदर्शन मानले असते. येथे प्रत्येक धाटणीसाठी तिला शोभेल असे वाद्य निवडलेले आहे: पडदे नसलेल्या दांडीवर बोट घसरते तेव्हा स्वरांमध्ये मींड उमटते, पोलादी तारांच्या भरदार गिब्सनवर ती तशी साधत नाही. ज्या वादकाकडून जे घेतले त्याचा निर्देशही सीगर आवर्जून करीत. त्यांनी जमविलेल्या ध्वनिफिती व कागदपत्रे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील दाक्षिणात्य लोकसंस्कृती संग्रहात आहेत.